सव्वा मूठ

जिजीच्या पिशवीत कायम एक ताट असायचं. स्टीलचं, काठाला एका जागी चेमटलेलं, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. सोबत एक वाटी आणि पितळी गडू. लग्न असो, जाऊळ असो, कुणाचं तेरावं असो, जिजी यायची, आहेर करायची, नव्या सुनेच्या पाठीवरून हात फिरवायची. पंगत बसायला लागली की मात्र मांडवाच्या टोकाला निंबाखाली जायची आणि घरून आणलेली भाकरी नि दही त्या ताटात काढून खायची. अनुग्रह न घेतलेल्याच्या हातचं तिला चालत नव्हतं. खापरावरचे मांडे करावेत तर जिजीनंच, असं ज्या भाऊबंदकीत बोललं जायचं, त्याच भाऊबंदकीत ती आता पाणीसुद्धा प्यायची नाही.

जिजी म्हणजे माझी धाकटी काकू. आमचं गाव चोपडा तालुक्यातलं, केळी आणि कापसाचं. मी तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. तिच्या महाराजांचं नाव इथे लिहीत नाही, आणि लिहून फारसा फरकही पडणार नाही. आमच्याकडे त्या जागेला नुसतं 'ठिकाण' म्हणायचे. 'जिजी ठिकाणावर गेली' म्हटलं, की दोन-चार दिवस तिच्या दाराला कुलूप.

अशा माणसांविषयी आपल्याकडे दोन निदानं तयार असतात. एक, अडाणी आहेत. दोन, ब्रेनवॉश केलंय. दोन्ही मी वर्षानुवर्षं वापरली. पहिलं टिकत नाही. 20 मार्च 1995 ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत ज्या पंथानं सरीन वायू सोडला, त्यातला वायू बनवणारी माणसं रसायनशास्त्र शिकलेली होती आणि पिशव्या फोडणाऱ्यांत एक हृदयविकाराचा डॉक्टर होता. दुसरंही पुरतं टिकत नाही. आयलीन बार्कर नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी कोरियातून पसरलेल्या मून यांच्या पंथाचा अनेक वर्षं अभ्यास करून 1984 मध्ये तो छापला. पंथाच्या शिबिरांना जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण पंथात गेलेच नाहीत, असं त्यांना दिसलं. शिबिर तेच, प्रवचन तेच, आग्रहही तोच. मग थोडे राहतात ते का राहतात?

जिजी का राहिली हे मला ठाऊक आहे, आणि ते सांगायला मला आवडत नाही.

काका 2009 च्या उन्हाळ्यात गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले. जिजीचा एकुलता मुलगा सुरतला, उधन्याच्या कापड कारखान्यात. त्याची रजा संपली. पंधराव्या दिवशी आम्ही भाऊबंद त्यांच्याच ओट्यावर बसून वारसनोंदीचं बोलत होतो. सातबारा, बांध, विहिरीतला हिस्सा. आवाज चढले होते. आत जिजी एकटी बसलेली. त्या वेळी गल्लीतल्या तीन बाया आमच्या मधून वाट काढत आत गेल्या. एकीच्या हातात वरण-बट्टीचा डबा होता. दुसरीनं काही न बोलता जिजीचे केस सोडले आणि तेल लावायला बसली. मी दारातून पाहिलं. पंधरा दिवसांत आमच्यापैकी कुणी तिच्या डोक्याला हात लावला नव्हता.

त्या तिघी ठिकाणाच्या होत्या. त्या दिवशी त्यांनी महाराजांचं नावही काढलं नाही.

पुढचं सगळं पायरी-पायरीनं. आधी नुसता गुरुवारचा सत्संग, तोही गावातल्याच एका घरी. मग कांदा-लसूण सुटलं. वांग्याच्या भरताच्या मुलखात कांदा-लसूण सोडणं म्हणजे काय ते खान्देशी माणसालाच कळेल. मग ठिकाणावर आठ दिवस सेवा. मग बाहेरचं अन्न बंद. मग पाटल्या गेल्या. कुठे, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायला आम्हाला तोंड नव्हतं. कुठलीच पायरी एवढी उंच नव्हती की तिथे थांबून मागे पाहावं. आणि एकेक गोष्ट सोडल्यावर मागे वळणं आणखी महाग पडत गेलं. 1959 साली अमेरिकेत आरनसन आणि मिल्स यांनी एक छोटा प्रयोग केला होता. कॉलेजच्या मुलींना एका चर्चामंडळात घ्यायचं. काहींना सहज, काहींना आधी लाजिरवाणं काहीतरी मोठ्यानं वाचायला लावून. मंडळातली चर्चा मुद्दाम रटाळ ठेवलेली. ज्यांना लाज गिळून आत यावं लागलं, त्यांना तीच चर्चा जास्त चांगली वाटली. आपण एवढं सोसलं ते रटाळ गोष्टीसाठी, हे कोण स्वतःला सांगेल? जिजीनं तर कांदा सोडला होता, पाटल्या सोडल्या होत्या, आम्हाला सोडलं होतं.

एवढं शहाणपण मला कुठून आलं, तर मीही एका ठिकाणावर होतो.

2004 साल. मेडिकल अजून टाकायचं होतं, हातात डिप्लोमा होता आणि पैसा नव्हता. एका मित्रानं जळगावला एका हॉटेलच्या हॉलमध्ये नेलं. साखळी पद्धतीनं माल विकणारी कंपनी. रविवारी सकाळी टाय लावलेले दोनशे लोक, मोठ्यानं गाणी, टाळ्या, स्टेजवर एक जण सांगतोय की गेल्या वर्षी तो सायकलवर होता. शेजारचा अनोळखी माणूस माझा हात हातात घेऊन म्हणाला, 'तुम्ही फार पुढे जाणार.' असं मला तोवर कुणीच म्हटलं नव्हतं. दीड वर्ष मी त्या हॉलमध्ये जात होतो. तिथे देव नव्हता, अंगारा नव्हता, पण एक शब्द होता: 'नकारात्मक'. वडील म्हणाले हे चालायचं नाही, वडील नकारात्मक. मित्रानं हिशेब विचारला, मित्र नकारात्मक. स्वतःला रात्री शंका आली, तर ती आपल्यातली नकारात्मकता. ठिकाणावर त्यालाच 'मन आडवं येणं' म्हणतात हे मला पुढे जिजीकडून कळलं. महाराजांच्या गाडीचा प्रश्न मनात आला? मन आडं उनं. नाम घ्या. चीनमध्ये 'विचारसुधारणे'च्या फेऱ्यातून बाहेर पडलेल्यांच्या मुलाखती घेऊन रॉबर्ट लिफ्टन या मनोविकारतज्ज्ञानं 1961 मध्ये हेच दाखवलं होतं: बंदिस्त गटांजवळ अशी चार-दोन घट्ट वाक्यं असतात, आणि विचार त्या वाक्यापाशी आला की तिथेच बसतो. शंका घेऊ नका, असं कुणी म्हणत नाही. शंकेला फक्त एक नाव देऊन ठेवतात.

त्या दीड वर्षात मी प्रोटीन पावडरचे डबे विकले. नातेवाइकांनाच, दुसरं कोण घेणार? थोरल्या मामांनी दारातून परत पाठवलं. जिजीनं घेतला. काका जिवंत होते तेव्हा. साडेचार हजार रुपये म्हणजे त्यांच्या घरात लहान रक्कम नव्हती. तिनं डब्यावर काय लिहिलंय ते विचारलं नाही. 'तू लयेल शे ना, मंग चांगलंच व्हई,' एवढंच म्हणाली. मी बाहेर पडलो तोही काही डोळे उघडून नव्हे. पैसे संपले, आणि वडिलांनी एक दिवस फक्त 'दुकानाचा गाळा पाहून ये' म्हटलं. 'मी सांगत होतो ना' असं ते तेव्हा म्हणाले नाहीत. नंतरही नाही.

आता 2012. त्या वर्षी टीव्हीवर माया संस्कृतीच्या कॅलेंडरनं धुमाकूळ घातला होता. 21 डिसेंबरला जग बुडणार. तीन दिवस काळोख पडणार असे मेसेजही फिरत होते. महाराजांनी त्यातलं जमेल तेवढं उचललं. तीन दिवस अंधार, घराबाहेर पडायचं नाही, जे नामात असतील ते वाचतील. जिजीनं मेणबत्त्यांचे पुडे घेतले, माझ्याच दुकानातून काड्यापेट्या नेल्या आणि चक्कीवरून चाळीस किलो पीठ दळून आणलं. गुरुवारी, वीस तारखेला, संध्याकाळी कडी लावून घेतली.

शुक्रवारी लख्ख ऊन पडलं. केळीच्या गाड्या रोजच्यासारख्या भरत होत्या.

चौथ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. खरं सांगायचं तर मजा बघायला गेलो. जिजी ओटा सारवत होती. चेहरा थकलेला, पण प्रसन्न. म्हणाली, 'आपण जप कया, म्हणीसन टळनं.'

खूप नंतर मी शिकागोजवळच्या ओक पार्कच्या डोरोथी मार्टिन या बाईंविषयी वाचलं. परग्रहावरून आपल्याला संदेश येतात असं त्या म्हणायच्या. महापूर येणार आणि भक्तांना तबकडी घेऊन जाणार. तारीख 21 डिसेंबर, साल 1954. मी तारीख दोनदा वाचली. भक्तांनी तबकडीत धातू चालत नाही म्हणून कपड्यांच्या चेनसुद्धा उसवून काढल्या होत्या. तबकडी आली नाही. पहाटे नवा संदेश आला: या छोट्या गटानं इतका उजेड पसरवला की देवानं जग वाचवलं. म्हणजे जप कया, म्हणीसन टळनं. लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी आपली माणसं भक्त म्हणून आत घुसवून हे सगळं टिपलं होतं. विश्वास आणि वास्तव यांची टक्कर झाली की माणूस वास्तवालाच मुरड घालतो, या त्यांच्या सिद्धान्ताला त्यावरून मोठं बळ मिळालं. मला तेव्हा किती समाधान वाटलं! जिजी पुस्तकात सापडली होती.

पण त्या गोष्टीला आणखी एक पदर आहे. घुसवलेले निरीक्षक त्या छोट्या गटात इतके होते की त्यांनी रचून सांगितलेल्या गोष्टीच भक्तांना पुरावा वाटल्या. अलीकडे त्या संशोधकांची जुनी कागदपत्रं चाळून एका अभ्यासकानं दाखवलं, की बऱ्याच भक्तांनी नंतर तो नाद सोडून दिला होता. सिद्धान्ताला न जुळणारा भाग अभ्यासकांच्याही नजरेतून निसटला, असं दिसतं. आणि मी तरी काय पाहिलं होतं? जिजीचं ते एक वाक्य तेवढं घेऊन मी गावभर सांगत हिंडलो. तिच्या गल्लीतल्या दोन बायांनी त्या डिसेंबरनंतर सत्संगाला जाणं गुपचूप बंद केलं होतं, हे मला पाच वर्षांनी कळलं. त्यांच्याबद्दल कोणी काही बोललं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आणि त्या चाळीस किलो पिठात पुढे सोंडे झाले. जिजी ते रोज पाटीभर चाळून उन्हात टाकायची. ती चाळताना काय विचार करत असेल, हे मी तिला कधी विचारलं नाही.

2014 च्या सुमाराला तिची रक्तदाबाची गोळी बंद झाली. दुकानदार म्हणून हे मला आपोआप कळतं. महिना उलटला, माणूस आलं नाही. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी अखेर जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र घालणं त्यात गुन्हा आहे. पण जिजीला कुणी अडवलंच नव्हतं. महाराज एवढंच म्हणाले होते की ज्याचं नाम पक्कं, त्याला भीती कसली. त्याचा अर्थ तिचा तिनं लावला. यावर कलम कुठलं लावणार?

मी पट्टी घेऊन तिच्याकडे गेलो आणि भांडलो. मोबाइलवर लेख दाखवले, व्हिडिओ दाखवले. जोन्सटाउन सांगितलं: 18 नोव्हेंबर 1978, गयानाचं जंगल, 900 वर माणसं, त्यात 300 च्या वर लेकरं, एका माणसाच्या शब्दावर विष प्यायली. जिजी ऐकत होती. ऐकता ऐकता उठली, 'बठ, च्या टाकस,' म्हणाली. साखरेच्या डब्यात हात घातला आणि आतून मापाचा एक पांढरा प्लास्टिकचा चमचा काढला. लांब दांड्याचा, तळाशी कंपनीचं चिन्ह उमटवलेला. माझ्या प्रोटीनच्या डब्यातला. दहा वर्षं ती त्यानं साखर मोजत होती. दोन चमचे घातले, चमचा परत डब्यात ठेवला, झाकण लावलं. त्यावर ती एक शब्द बोलली नाही. मला तिच्या हातचा चहा चालत होता, माझ्या घरचा तिला चालत नव्हता, एवढाच त्या वेळी आमच्यात फरक उरला होता. पट्टी तिथेच ठेवून मी निघालो. ती तिनं घेतली नाही. पुढल्या खेपेला तिथेच होती.

मग 1 जुलै 2018.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. रविवार, आठवडेबाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज आठवडाभर फोनाफोनांतून फिरत होते. जमावानं त्या पाचांना घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि ठार मारलं. तिथे महाराज नव्हता, अनुग्रह नव्हता, वर्षानुवर्षांच्या पायऱ्या नव्हत्या. एक पक्का विश्वास तयार व्हायला तासभरसुद्धा लागला नसेल.

त्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तोच मेसेज मी टाकला होता. 'काळजी घ्या, मुलांना एकटं सोडू नका.' खाली तीन जणांनी हात जोडले होते. सोमवारी पेपर वाचून मी तो शोधून खोडायला गेलो. खोडता येत नव्हता. वेळ उलटून गेली होती. फक्त माझ्या फोनमधून गेला. जिजी त्या ग्रुपवर नव्हती. तिचा फोन बटनाचा.

सॉलोमन अ‍ॅश यांनी 1950 च्या दशकात रेघांचा एक प्रयोग केला होता. खोलीत सात-आठ जण, त्यातला एकच खरा, बाकी शिकवून बसवलेले. तीन रेघांतली कुठली दिलेल्या रेघेएवढी, ते सांगायचं. लहान पोरालाही दिसेल असं. बाकीचे एकमुखानं चुकीचं सांगतात, आणि सरासरी तीनातल्या एका वेळी खरा माणूसही तेच चुकीचं सांगून टाकतो. पण त्या सगळ्यांत एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तरी चुकीला मान डोलावणं झटक्यात कमी होतं. एकच पुरतो. जोन्सटाउनच्या शेवटच्या सभेचं ध्वनिमुद्रण आहे. त्यात ख्रिस्तीन मिलर नावाची एक बाई उठून म्हणते, की लेकरांना जगायचा हक्क आहे. बाकीचे आरडाओरडा करून तिला खाली बसवतात. तिच्या बाजूनं उभा राहिलेला दुसरा आवाज त्या फितीत नाही. राईनपाड्यात कोणी तसं बोललं असेल का? माहीत नाही. आमच्या ग्रुपवर कोणी बोललं नव्हतं, हे माहीत आहे.

त्यानंतर मी जिजीशी वाद घालणं सोडलं. मोठं काही उमगलं म्हणून नाही. तोंड राहिलं नव्हतं. दर रविवारी दुकान बंद केल्यावर नुसता जायला लागलो. केळीचा भाव, सुरतच्या नातवाची शाळा, गुडघे. तिसऱ्या की चौथ्या रविवारी तिनं आपण होऊन सांगितलं की ठिकाणावर आता नवे लोक फार आलेत, जुन्यांना मागे बसवतात. मी काही बोललो नाही. हे फार जड गेलं मला. ओठावर सगळा बार्कर-लिफ्टन गोळा झाला होता.

'मंग कसाले जास?' एवढं एकदा विचारलं.

'घरमा मन्हासंगे बोलाले कोण शे?'

आमच्या भागात चांगदेवाची गोष्ट सगळ्यांना पाठ. मुक्ताईनगरपासून जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर त्याचं गाव आणि जुनं देऊळ आहे, महाशिवरात्रीला यात्रा भरते. चौदाशे वर्षं जगलेला योगी. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला. वयानं लहान म्हणून चिरंजीव लिहावं की ज्ञानानं मोठे म्हणून तीर्थरूप, हे सुचेना, कोरा कागद धाडला. मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून कोराच राहिला. मग तो वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन, शिष्यांचा मेळा मागे घेऊन निघाला, आणि भावंडं भिंतीवर बसून सामोरी आली. भिंत चालली. चांगदेव खाली उतरला आणि पाया पडला.

लहानपणी मला भिंतीचं नवल वाटायचं. आता त्या मागच्या शिष्यांचा विचार येतो. गुरू उतरला, पोरीएवढ्या मुक्ताईला गुरू केलं, त्याची गोष्ट झाली, देऊळ झालं. त्या शिष्यांनी त्याच्यासाठी घरंदारं सोडली असतील, शेजाऱ्यांशी भांडणं घेतली असतील. ते परत कसे गेले? गावात शिरताना कोण काय म्हणालं असेल? गोष्टीत त्यांना कुणी विचारलेलं नाही.

एका रविवारी मी निघताना जिजीनं गोळ्यांची जुनी रिकामी पट्टी माझ्या हातावर ठेवली. 'हाई आते भेटस का?' मी म्हटलं, डॉक्टरांना एकदा दाखवू, मग सांगतील ती घेऊ. पैसे तिनं मोजून दिले.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, आमची खान्देशी देवी, बसते. पुण्या-सुरतेला पांगलेलं खान्देश त्या दिवशी गाड्या भरभरून घरी येतं. रोटाचे, म्हणजे तिच्या प्रसादाचे, गहू मोजायचं काम आईकडे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. नाव घ्यायचं, मूठ भरायची, सुपात टाकायची. रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. मी शेजारी बसून नावं ऐकत होतो. माझं, मुलाचं, थोरल्या चुलत्यांच्या घरातली, आणि मग जिजीच्या मुलाचं, नातवाचं.

'त्यांची मूठ कधीपासून काढायला लागलीस?' मी विचारलं. नऊ वर्षं त्या घरातलं कोणी रोटाला आलं नव्हतं.

आईनं वर न बघता सूप हलवलं. 'बंद कव्हय कयी व्हती? येवोत ना येवोत, मूठ काढनी पडस.'

'मग त्यांच्या वाटचा रोट?'

'तू खास ना दरसाल. दोन घास जास्तीना.'

रविवारी रात्री आरती झाल्यावर जिजी आली. पिशवी खांद्याला होती. चौरंगापुढे डोकं टेकलं, कानबाईचं लुगडं जरा नीट केलं. त्या निऱ्या तिलाच जमतात. पानं मांडली गेली तशी ती ओळीच्या टोकाला भिंतीला टेकून बसली, पिशवीतून फडकं काढलं, ताट बाहेर काढून पुढ्यात ठेवलं. सगळे तिच्याकडे न बघायचा आटोकाट प्रयत्न करत होते, आणि ते तिला स्पष्ट दिसत असणार. आई वाढत वाढत तिच्यापर्यंत आली. थांबली नाही. त्या चेमटलेल्या ताटात रोट ठेवला, वर तुपाची धार धरली, गंगाफळाची भाजी वाढली आणि पुढे गेली.

जिजीनं खाल्लं. मग मोरीवर जाऊन ताट आपल्या हातानं घासलं, पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. गुरुवारी ती ठिकाणावर गेली.